करंगळीएवढी फट

माझ्या मुलीने तयार केलेला रोबो मी नापास केला, हे आमच्या येरवड्याच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ते मीच सांगितलं. त्यापुढचं मात्र फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मी अठ्ठावीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. स्कूटरचे सुटे भाग माझ्या टेबलावर यायचे आणि पास की नापास ते मी ठरवायचे. नापास मालाला लाल चिठ्ठी. तो कुणाच्या हातचा आहे हे बघायचं नाही, हा माझा एक नियम. दुसरा त्याहून कडक होता: ड्रॉइंग समोर असल्याशिवाय भागाला हात लावायचा नाही. कुठे किती माप हवं आणि का हवं, ते ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. ते न बघता तपासणं म्हणजे नुसतं मत देणं. एकदा मॅनेजर स्वतः घाईघाईने एक भाग घेऊन आले, तर मी त्यांना ड्रॉइंग आणायला परत पाठवलं. ते चिडले, पण गेले. माझ्या निरोपसमारंभात त्यांनीच हा किस्सा सांगितला आणि मी पहिल्या रांगेत ताठ बसून तो ऐकला.

मुलगी बाणेरला खेळणी बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत डिझायनर आहे. दोन वर्षं दुसऱ्यांच्या खेळण्यांची चाकं आणि झाकणं आखून दिल्यावर तिला पहिल्यांदा स्वतःचं असं काम मिळालं होतं: एक रोबो, जो वळवून-दुमडून रिक्षा होतो, आगीचा बंब होतो आणि हेलिकॉप्टरही होतो. एका शनिवारी ती त्याचा नमुना स्पंज लावलेल्या डब्यात घालून घरी घेऊन आली. सोमवारी तो मालकांपुढे ठेवायचा होता. त्यांना पटला तर पोलादाचा साचा कापायला जाणार, आणि साचा एकदा कापला की मग फारसं काही बदलता येत नाही. नाही पटला तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार.

"आई, तू पास केलास तरच सोमवारी ठेवीन," ती म्हणाली. रविवारी ती मैत्रिणीच्या साखरपुड्याला जाणार होती. संध्याकाळी आल्यावर मला निकाल हवा, असं तिने बजावलं.

मला काय आनंद झाला सांगू. निवृत्तीनंतर चार वर्षांत कुणी माझ्यापुढे तपासायला काही ठेवलं नव्हतं. रविवारी सकाळी नाश्ता उरकून मी टीपॉयवरची वर्तमानपत्रं काढली, काच पुसली, आणि बुधवार पेठेतून पूर्वी घेतलेलं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून बसले.

आमचे हे सरकारी नोकरीत आयुष्यभर कारकून होते. चहाचा कप घेऊन ते समोर बसले आणि म्हणाले, "रिक्षा आहे ना? मग आधी विचार, येरवड्याला येते का."

मी लक्ष दिलं नाही. पहिल्यांदा रिक्षा करायला मला अकरा मिनिटं लागली आणि शेवटी हेलिकॉप्टरची शेपटी रिक्षाच्या टपावर उभी राहिली. यांनी ती बघितली आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. दुपारपर्यंत मात्र माझा हात बसला. प्रत्येक रूप पंचवीस वेळा केलं, पुन्हा मोडलं. रिक्षा काचेवर ठेवून तिन्ही चाकांखाली कागदाची पट्टी सरकवून बघितली; एकाही चाकाखाली ती शिरेना, म्हणजे तिन्ही टेकलेली. बंबाची शिडी धरून अख्खा बंब उचलला, शिडी निसटली नाही. हेलिकॉप्टर कानाशी धरून हलवलं, आत काही खुळखुळलं नाही. टेबलाच्या उंचीवरून तीनदा फरशीवर टाकलं, तेव्हा हे उठून आत गेले. शेवटी रोबो एका पायावर उभा केला आणि तो उभा राहिला. भिंगातून सांधे बघताना मला मधेच काम थांबवावं लागलं. इतकं स्वच्छ काम मी अठ्ठावीस वर्षांत फार थोड्यांच्या हातून आलेलं बघितलं होतं, आणि हे माझ्या मुलीच्या हातचं होतं.

मग फट दिसली. रिक्षाचा टप रोबोच्या हातावर जिथे दुमडतो, तिथे. आमच्या कारखान्यात पत्र्याची पातळ पट्टी शिरली तरी भाग परत जायचा, आणि इथे माझी अख्खी करंगळी आरपार जात होती. दुसऱ्या बाजूलाही तशीच. एवढ्या नीट कामात एवढी ढोबळ चूक बघून मला वाईट वाटलं. तासभर तशीच बसले. सोडून द्यावं असंही मनात आलं, कारण सोमवारी काय पणाला लागलंय ते मला माहीत होतं. पण मग माझा नियम काय कामाचा? शेजारच्या घरून आलेल्या लग्नपत्रिकेचा लाल कागद कापला, त्यावर 'नापास. टपाच्या सांध्यात फट' असं लिहिलं, सही केली आणि दोऱ्याने चिठ्ठी रोबोच्या मनगटाला बांधली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पोटच्या पोरीलाही सूट दिली नाही, म्हणून.

येणाऱ्या-जाणाऱ्या दोघीतिघींना मी ते लगेच सांगूनही टाकलं.

संध्याकाळी ती आली आणि तिने चिठ्ठी वाचली. साडीची पिन काढता काढता तिने डबा उघडला, तळाचा स्पंज उचलला आणि खालून घडी केलेला मोठा कागद काढून काचेवर पसरला.

"तू पहिल्यांदा हेच मागशील म्हणून ठेवलं होतं," ती म्हणाली. "ड्रॉइंग बघितलंस?"

नव्हतं बघितलं. डबा उघडल्यापासून एकदाही मनात आलं नव्हतं. पोरीचं काम आहे, मला कळणारच, असं धरून चालले होते. टपाच्या सांध्यापाशी तिने बाण काढून लिहिलं होतं: 'फट मुद्दाम. बोट आत गेलं तर तसंच बाहेर यावं.' सांधा वळताना लहान फट आणखी लहान होते आणि बोट चिमटतं. म्हणून तिने ती सगळीकडे लहान मुलाच्या बोटापेक्षा मोठी ठेवली होती. दिसायला बरं दिसत नाही, ऑफिसातही दोघं हसले, पण ही फट कमी करणार नाही, असं ती म्हणाली.

बोलताना तिचा हात कागदावर होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख दुभंगलेलं. ती पाच वर्षांची असताना आमच्या घडीच्या लोखंडी खुर्चीत ते बोट सापडलं होतं. मी दुसऱ्या पाळीला होते. घरी आले तेव्हा शेजारणीने पट्टी बांधून आणली होती आणि पोर झोपली होती. कारखान्यातला प्रत्येक सांधा मी तपासत होते आणि घरातली खुर्ची कधी उलटून बघितली नव्हती. मला एकदम रडू आलं. ती म्हणाली, "अगं, तुला बोलत नाहीये मी." तेही खरं होतं. तिने फक्त काम केलं होतं.

आमच्या विभागात चुकीची लाल चिठ्ठी फाडून टाकता येत नसे. तिच्यावर एक रेघ मारायची, खाली कारण लिहायचं आणि पुन्हा सही करायची, म्हणजे चूक कुणाची त्याची नोंद राहते. अठ्ठावीस वर्षांत मला हे दोनदाच करावं लागलं होतं. मी पेन घेतलं, रेघ मारली आणि लिहिलं: 'ड्रॉइंग न बघता तपासलं. चूक तपासणीची. पास.' खाली पुन्हा सही केली. दुपारचा अभिमान माझा माझ्यापुरता होता. हा तिच्याबद्दलचा होता, आणि माझ्या छातीत मावत नव्हता.

मी दोरा सोडायला गेले तर तिने थांबवलं. सोमवारी रोबो मनगटाला चिठ्ठी बांधूनच मालकांपुढे गेला. फटीवर प्रश्न आलाच. तिने उत्तर दिलं, चिठ्ठी वाचून दाखवली, आणि साचा मंजूर झाला.

सहा महिन्यांनी साच्यातून निघालेला पहिला रोबो तिने घरी आणून माझ्या हातात दिला. मी आधी ड्रॉइंग मागितलं. ते वाचून झाल्यावर रिक्षा केली, करंगळी फटीत घातली आणि टप हळूहळू वळवला. बोट तसंच बाहेर आलं.