पंख्यातली अक्षत

आमच्या घरात देव आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत राहतात. दुसरी खोली स्वयंपाकाची, आणि तिसरी नाहीच. आई गेल्यापासून डोंगरकडा गावातल्या या घरात मी आणि बाबा दोघंच आहोत. बाबांनी जन्मभर गावातल्या देवळाची पूजा केली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा पूजा माझ्या चुलतभावाकडे गेली. मी तालुक्याच्या कचेरीत लिपिक आहे. चाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही, आणि संध्याकाळी चहा झाला की मी कॉम्प्युटरवर ट्रक चालवते.

हा खेळ फार साधा आहे. एका गावाहून माल उचलायचा आणि परक्या मुलखातल्या रस्त्यांनी दुसऱ्या गावी पोहोचवायचा. मारामारी नाही, कुणी मरत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवल्यावर एक ट्रक तरी मुक्कामी पोहोचवला याचं सुख वाटतं. ज्यांना हे हास्यास्पद वाटतं त्यांना मी समजावत बसत नाही.

अडचण होती ती खेळाची चित्रं पडद्यावर हलवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची. ते मावसभावाने वापरून दिलेलं होतं. ट्रक घाटाला लागला की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागायचा. आणि नेमकी तीच वेळ बाबांच्या पाठाची. दिवा लावून ते देवापुढे बसायचे आणि आमच्या घराण्यात चालत आलेली देवाची नामावळी म्हणायचे. लांबलचक नामावळी, सगळी तोंडपाठ. पुस्तक समोर घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. ‘पुजाऱ्यानं वाचून म्हणायचं तर मग लोकांनी काय करायचं?’ असं ते विचारत.

गेल्या वर्षापासून बाबा मध्येच चुकायला लागले. नामावळीत दोन नावं सारखी सुरू होतात. तिथे आले की पुढे जाण्याऐवजी ते मागच्या नावावर जात आणि पुन्हा तेच म्हणत फिरत राहत. लक्षात आलं की थांबत, माझ्याकडे वळत.

“काय घरघर लावली गं? माणसाचं ध्यान राहते का?”

मी बंद करायला हात पुढे केला की तेच अडवायचे. “राहू दे. दिवसभर राबून आलं लेकरू. म्या देवळात जातो.” आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ते देवळाच्या पायऱ्या चढायला निघायचे. तिथे ते पाठ पूर्ण करतात की नाही, हे चुलतभावाला विचारायची मला हिंमत झाली नाही. बाबा आवाजाने चुकतात की विसरायला लागलेत, एवढंच मला कळायला हवं होतं. कळू नये असंही वाटत होतं. शेवटी मी कार्ड बदलायचं ठरवलं.

माझ्या अपेक्षा मोठ्या नव्हत्या. ट्रक चालावा, खिशाला झेपावं आणि आवाज नसावा. पण इंटरनेटवर कार्डांची परीक्षा घेणारी पोरं सगळी वेगाबद्दलच ओरडत होती. आवाजाचा विषय आला की दोन वाक्यांत उरकायची. बिनपंख्याची कार्डंही मिळतात, त्यांचा आवाज शून्य. पण आमच्याकडे उन्हाळ्यात टेबलावर हात ठेववत नाही, तिथे बिनपंख्याचं कार्ड भाजूनच निघालं असतं. मोठी कार्डं माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावत नव्हती आणि जुन्या पॉवर सप्लायला झेपणारी नव्हती. स्वस्तातली जुनी कार्डंही पाहिली, पण दुसऱ्याच्या घरात झिजलेला पंखा पुन्हा माझ्या घरात कशाला?

कामासाठी हिंगोलीला गेले तेव्हा एका दुकानात शिरले.

“ताई, पोरासाठी घेऊन राहिल्या का?” दुकानदाराने विचारलं.

“न्हाई. मलाच खेळायला पाहिजे.”

मग त्याने रंगीत दिव्यांचं एक भलंमोठं कार्ड काढलं. “हे न्या. लग्नाच्या मांडवावानी चमकते.”

“आवाज किती करते?”

“आवाजाचं कोन विचारते ताई? हेडफोन लावा ना.”

“मला न्हाई, बाबांना तकलीफ होते.”

“मंग बाबांना लावा!”

मला हसू आलं, पण कार्ड घेतलं नाही. शेवटी हवं ते ऑनलाइन सापडलं. लहानसं, दोन पंख्यांचं, वेगळी वायर न लागणारं. हलक्या कामात त्याचे पंखे फिरतच नाहीत, आणि फिरले तरी सावकाश. कुरिअरवाला गावात येत नाही. तो आमची पार्सलं वारंगा फाट्यावरच्या टायरच्या दुकानात टाकून जातो. तिथून पंक्चरच्या ट्यूबांखालचं माझं खोकं उचलून मी घरी आले.

कार्ड बसवलं आणि डब्याची बाजू लावणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “थांब. नवी वस्तू हाय. पूजा केल्याबिगर सुरू करायची न्हाई.”

“आत बोट लावू नका बाबा. बिघडन ते.”

“न्हाई लावत. येवढी अक्कल हाय मला.”

त्यांनी डब्याला बाहेरूनच हळद-कुंकू लावलं, ओवाळलं आणि जन्मभराच्या सवयीने मनगटाला झटका देऊन अक्षता टाकल्या. मी त्यांच्या बोटांवर लक्ष ठेवून होते. अक्षता कुठे पडल्या ते पाहिलं नाही. नव्या वस्तूला हात जोडून झाल्यावर ते म्हणाले, “आता चुकलो तर बोल.” त्यांच्या आवाजात खुशी होती. मलाही फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी ट्रक सपाट रस्त्यावर असेपर्यंत घरात खरोखरच शांतता होती. घाट लागला, पंखे फिरू लागले आणि कार्डातून टिकटिक सुरू झाली. बारीक, पण थांबेचना. बाबा त्या दोन नावांशी आले, चुकले, आणि वळले.

“बघ. आवाज बदलला निस्ता, गेला न्हाई.”

कार्ड परत पाठवायचंच म्हणून दुसऱ्या दिवशी डबा उघडला. टॉर्च मारून पाहिलं तर पंख्याच्या चौकटीत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. पातं फिरताना नेमकं त्याला लागत होतं. मी चिमट्याने दाणा काढला आणि देवघरातल्या अक्षतांच्या वाटीत ठेवला. बाबा बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांना मी एवढंच म्हणाले, “झालं दुरुस्त.”

संध्याकाळी मी मुद्दाम जड माल घेतला आणि घाटाचाच रस्ता धरला. पंखे फिरत होते ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. बाबांचा एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. ते त्या नावांशी आले. मी स्टिअरिंगच्या बटणांवरून बोटं काढली. ट्रक कुठेतरी कठड्याला घासला.

बाबा मागच्या नावावर गेले. पुन्हा तीच नावं, पुन्हा तेच वळण, पुन्हा मागे. मग ते थांबले आणि कॉम्प्युटरकडे वळले. कान देऊन ऐकत राहिले. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. बाहेर कुणाची मोटरसायकलसुद्धा गेली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

“झालं आजचं,” असं म्हणून भिंतीला धरून ते उठले. देवळात गेले नाहीत. इतकी चौकशी करून मी ही शांतता घरात आणली होती.

तालुक्याला डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेतली. बाबांना गुडघ्यांसाठी म्हणून सांगितलं.

दुसऱ्या संध्याकाळी बाबा हातपाय धुवायला मोरीकडे गेले तेव्हा मी डबा उघडला. वाटीतला एक दाणा चिमट्याने उचलून पुन्हा त्याच चौकटीत बसवला. बाबा येऊन दिवा लावून बसले. मी ट्रक घाटाला घातला. टिकटिक सुरू झाली.

ते त्या दोन नावांशी आले, चुकले आणि वळले.

“बघ! ह्याच्यापायीच होते.”

“व्हय बाबा,” मी म्हणाले. “ह्याच्यापायीच.”

बाबांनी मांडी सारखी केली आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली.