निकेलने जोड जमला, पण सांगू कुणाला?

मंडळी, केमिस्ट्रीच्या आपल्या वर्गातले तुम्ही सगळे आता अमेरिका-जर्मनीत, म्हणून सायबर कॅफेत बसून आपल्या ईमेल ग्रुपवर लिहितेय.

डोंबिवलीच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये वर्षभर मी एकटीच दोन रेणू जोडायच्या मागे आहे. पॅलेडियम कॅटॅलिस्टने ते जुळतात, पण तो महागडा धातू कंपनीला परवडत नाही. म्हणून स्वस्तातलं निकेल वापरून बघत होते. दर वेळी नुसतं काळं डांबर मिळायचं.

आज दुपारी फ्लास्कमध्ये पांढरे स्फटिक दिसले. तपासले, तर दोन्ही रेणू जोडलेले! "अरे, झालं!" मी ओरडलेच. ऐकायला लॅबमध्ये फक्त घरघरणारा पंप होता.

साहेबांना सांगितलं. "छान. रिपोर्ट द्या," म्हणाले आणि फोनवर बोलू लागले.

ठाकुर्लीला घरी येऊन बाबांना सांगितलं.

"निकेल म्हणजे आपल्या नळाला असतं ते?"

"हो बाबा, तेच."

ते उठून मोरीत गेले, नळावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हुशार आहेस गं." मला भरूनच आलं.

तरी वाटतं, कुणीतरी विचारावं, सॉल्व्हंट कोणता घेतलास? तापमान किती ठेवलंस?

विचाराल का रे कुणी?