डोकं बुडवायची परवानगी

आमच्या शाळेत बावीस तुकड्यांचं वेळापत्रक मी बनवते. कोणाला पहिला तास नको असतो, कोणाला शनिवारी लवकर जायचं असतं, प्रयोगशाळा एकच आणि मागणारे पाच. हे सगळं मी दरवर्षी जुळवते आणि वर चार बोलणीही खाते. त्यामुळे जेव्हा माझ्या धाकट्या बहिणीचा गावाहून फोन आला आणि ती म्हणाली, "ताई, एकाच दिवसात दवाखाना अन् वॉटर पार्क दोन्ही कसं जमते वं?" तेव्हा मला हसू आलं. चार माणसांचा एक दिवस म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं.

प्रश्न तिच्या मुलीचा होता. पोरगी अकरा वर्षांची. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तिचा डावा कान वाहायचा. पडद्याला भोक होतं. गेल्या दिवाळीनंतर नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. त्याच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरचे सहा महिने, कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही असा हुकूम होता. गावातली पोरं उन्हाळाभर विहिरीच्या टाक्यात डुंबायची आणि ही काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. तिचे केस धुणं हा बहिणीचा दर रविवारचा यज्ञ होता. व्हॅसलिनचा बोळा कानात, वरून एक हात कानावर घट्ट, दुसऱ्या हातानं शिकेकाई. दीड वर्षात त्या बाईनं स्वतःच्या डोक्यावरून नीट पाणी घेतलं असेल की नाही, शंकाच आहे.

नागपूर म्हणजे पोरीला धंतोलीच ठाऊक. धंतोलीत दवाखाना, प्रताप नगरात माझ्याकडे मुक्काम, आणि सकाळच्या गाडीनं परत. सीताबर्डीची बाजारपेठसुद्धा तिनं ऑटोतूनच पाहिलेली. म्हणून ऑपरेशनच्या वेळी तिच्या आईनं कबूल केलं होतं की ज्या दिवशी डॉक्टर पाण्यात जायला हो म्हणतील, त्याच दिवशी वॉटर पार्क. पोरीनं तो शब्द मनात धरून ठेवला होता. एकदाही आठवण करून दिली नाही, आणि तेच आम्हाला जास्त टोचायचं.

शेवटच्या तपासणीची तारीख आली ती नेमकी मे महिन्यातल्या शनिवारी. शाळांना सुट्ट्या, लग्नांचे पाहुणे गावभर, पारा पंचेचाळीसच्या वर. असल्या दिवशी अर्धं नागपूर पाण्याकडे धावतं. बहिणीचा नवरा म्हणजे आमचे जावईबुवा, त्यांची संत्र्याची बाग होती, आणि रविवारी सकाळी मोटर सुरू करायला त्यांना गावी पोचणं भाग होतं. म्हणजे दिवस एकच. डॉक्टर नाही म्हणाले तर पोरगी तशीच परत जाणार होती, आणि हो म्हणाले पण आम्ही वेळेत पोचलो नाही तर पुढचा उन्हाळा उजाडेपर्यंत थांबणार होती.

मी स्टाफरूममध्ये चौकशी केली. शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांच्या सुनेला विचारलं. सगळ्यांचं मत एक होतं. दार उघडतं तेव्हाच आत शिरा, मोठ्या घसरगुंड्या आधी उरका, कारण अकरानंतर जिन्यावर अर्धा-अर्धा तास उभं राहावं लागतं. जेवण बाराच्या आत. एक ते चार सावलीत. मी कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन आखले आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं: सगळ्यांनी सुती कपडेच घालावेत. नागपूरच्या उन्हात माणसानं सुती सोडून काय घालायचं? माझ्या आईनं मला हेच शिकवलं होतं आणि मी ते शाळेतल्या प्रत्येक पोरीला शिकवलं होतं.

जावईबुवा साडेपाचलाच दवाखान्यात जाऊन नंबर लावून आले. पहिला नंबर. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सव्वानऊला तपासणी, दहाला मोकळे, अकराच्या आत पार्कच्या दारात. शिदोरीत पोळ्या, कोरडी चटणी, कैरीचं पन्हं, आणि जावईबुवांच्या सदऱ्याच्या खिशात ऊन लागू नये म्हणून एक कांदा.

सव्वानऊला डॉक्टर आले नाहीत. दहाला आले नाहीत. साडेदहाला काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर इमर्जन्सीत गेले आहेत, सांगता येत नाही. माझं डोकं फिरलं. मी तिला दोन शब्द सुनावले, जे सुनावायचा मला काही अधिकार नव्हता. मग येरझारा घालायला लागले.

"ताई, बस न वं," बहीण म्हणाली. "तू उभी राहिली म्हणून डॉक्टर लवकर येणार हायेत काय?"

"एवढा पहिला नंबर लावून काय उपयोग झाला मग?"

"पहिला तर पहिला. डॉक्टर आले की आपणच जाऊन राहिलो न आत."

जावईबुवा भिंतीला टेकून शांत बसले होते. शेतकऱ्याला वाट पाहायची सवय असते, मला नाही. पोरगी त्यांच्या शेजारी दोन्ही हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत होती. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. माझ्या कागदावरचे निम्मे चौकोन वाया गेले आणि मी तो पर्समध्ये कोंबला. एकदा वाटलं, तपासणी राहू द्यावी, सरळ पार्कमध्ये जावं. हा विचार मी बोलूनही दाखवला. बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बाकावर जाऊन बसले.

पावणेबाराला डॉक्टर आले. चेहरा उतरलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. काउंटरवरच्या मुलीकडून कळलं की कोणाच्या दोन वर्षांच्या लेकराच्या श्वासनळीत शेंगदाणा अडकला होता. मी दोन तास ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, तो तिकडे शेंगदाणा काढत होता. मला माझीच लाज वाटली. आत गेल्यावर मी आधी त्या लेकराचं विचारलं.

"निघाला शेंगदाणा," ते हात पुसत म्हणाले. "जोरात रडून राहिलं आता. रडते म्हणजे चांगलं आहे."

मग त्यांनी पोरीला स्टुलावर बसवून कानात उजेड टाकला. बराच वेळ पाहत राहिले. बहिणीनं माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं रुतत होती. तोवर पोरगीच बोलली. डॉक्टरांशी ती आजवर हो-नाहीपलीकडे काही बोलली नव्हती.

"डोकं बुडवलं तर चालते का?"

"बुडव," डॉक्टर म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण बुडव. पोह, उड्या मार. फक्त काडी घालून कान टोकरू नको."

बहिणीनं तेच तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. डॉक्टरांनी तीनदा तेच सांगितलं. पडदा चांगला बसला होता. बाहेर आल्यावर जावईबुवांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि उगाचच थंड पाण्याच्या मशीनकडे गेले. त्यांचे डोळे भरले होते, ते आम्ही पाहिलं नाही असं दाखवलं. मला तर एवढं हलकं वाटलं की वाटेत गाडीला लाल सिग्नल लागला तरी राग आला नाही. वॉटर पार्क राहिलं तरी चालेल, असंसुद्धा वाटून गेलं. तेवढ्यात मागच्या सीटवरून विचारणा झाली, "मोठ्याई, किती दूर हाय अजून?" आमच्याकडे आईच्या मोठ्या बहिणीला मोठ्याई म्हणतात, आणि या पोरीनं मोठ्याई म्हटलं की मला काहीच नाही म्हणता येत नाही.

दाराशी पोचलो तेव्हा पाऊण वाजत आला होता. गाड्यांचा तळ ओसंडून चालला होता. मी म्हटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत रांगेतच. तिकिटं काढून आत निघालो तर दारावरच्या माणसानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मॅडम, कॉटन नहीं चलेगा. पानी में सिर्फ नायलॉन."

माझा विश्वासच बसेना. चौघंही आपादमस्तक सुती! तेही माझ्या हुकुमावरून. सुती कपड्यांचे धागे निघून यंत्रात अडकतात, असं त्यानं समजावलं. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, आणि पाटीही मोठ्ठी लावली होती. पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब लावणाऱ्या बाईनं एवढी साधी चौकशी केली नव्हती. नागपूरकराला उन्हाळ्यात नायलॉनचा विचार स्वप्नातही येत नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

"वा रे वा," जावईबुवा म्हणाले, "आमचा बाप जन्मभर कापूस पिकवत आला, अन् इथं कापसालेच बंदी!" आणि मोठ्यानं हसले. त्यांच्या हसण्यानं माझा राग कुठच्या कुठे गेला. शिदोरीही आत नेता येत नव्हती. ती आम्ही दाराबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून भराभर संपवली. मग चौघांसाठी भाड्याचे नायलॉनचे कपडे घेतले. जावईबुवांना गुडघ्याखाली लोंबणारी निळी चड्डी मिळाली. तिला खिसा नव्हता, म्हणून कांदा माझ्या हवाली झाला.

आत पाऊल टाकलं आणि मी थांबले. जिने रिकामे होते. घसरगुंड्यांवरून नुसतं पाणी वाहत होतं. दोन वाजायला आले होते. सकाळी आठपासून दाराशी ताटकळलेलं अख्खं नागपूर आता छपरांखाली जेवून आडवं झालं होतं. ओल्या चटयांवर आज्या घोरत होत्या, तोंडावर दुपट्टा घेऊन बाप्ये झोपले होते, पोरांनाही दामटून निजवलं होतं. दोन वाजता उन्हात जाऊ नये ही शिकवण आमच्या गावात इतकी मुरली आहे की पाण्यात उभा असलेला माणूसही ती मोडत नाही. सगळ्यांनी माझ्यासारखाच विचार केला होता, आणि आमचा विचार डॉक्टरांनी बिघडवला म्हणून आम्हाला पार्क मोकळं मिळालं होतं. त्या शेंगदाण्यानं जे केलं ते मला जमलं नसतं.

जिन्याचे दगड तापले होते. बापलेक पाय भाजत, उड्या मारत, ओरडत वर गेले. बहीण खालच्या कुंडापाशी टॉवेल घेऊन उभी राहिली. मी छत्री घेऊन तिच्या शेजारी. वर पोरगी घसरगुंडीच्या तोंडाशी जाऊन बसली आणि तिथंच अडकली. एक मिनिट झालं, दोन झाली. तिचा डावा हात आपोआप कानावर गेलेला इथून दिसत होता.

"मले भेव वाटून राहिलं ताई," बहीण पुटपुटली. "नको म्हणू काय तिले? पुढच्या वर्षी येऊ."

"तिला ठरवू दे," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही ओरडून तिला खाली बोलवावंसं वाटत होतं.

पोरीनं हात काढला आणि सुटली. वळणावर दिसली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली आणि धप्पकन कुंडात पडली. डोकं पूर्ण पाण्याखाली गेलं. किती वेळ, मला माहीत नाही, फार तर दोन क्षण. बहीण टॉवेलासकट आत धावलीच होती, तेवढ्यात पोरगी वर आली. खोकत होती, नाकातून पाणी येत होतं आणि तोंडभर हसत होती. बहिणीनं टॉवेलाचं टोक तिच्या कानात कोंबलं.

"दुखते का? भणभणते का? खरं सांग!"

"पाणी गेलं अन् निघलं बी, आई. सोड न!" आई टॉवेल लावत राहिली, तर तिनं मान सोडवून घेतली, बापाचा हात धरला आणि पुन्हा जिन्याकडे पळाली.

नऊ वेळा आली ती घसरत. पहिल्या चार वेळा बहीण टॉवेल घेऊन पुढे झाली. पाचव्यांदा झाली नाही. चारच्या सुमाराला लोक उठायला लागले, जिने भरू लागले, तेव्हा बापलेक दुसऱ्या बाजूच्या लाटांच्या तलावाकडे निघून गेले. आम्ही दोघी तिथंच राहिलो. टॉवेल बहिणीच्या खांद्यावर होता. ती बराच वेळ कुंडाकडे बघत होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ताई, मी जाऊ काय वं पाण्यात?"

चाळिशी गाठलेली बाई, आणि परवानगी मागत होती. मी मान डोलावली. तिनं टॉवेल माझ्या हातात दिला, केसांची पिन काढून तोंडात धरली, मग तीही मला दिली. पायऱ्या उतरून कमरेपर्यंत पाण्यात गेली, नाक दाबलं आणि डोक्यासकट खाली बसली. वर आली, श्वास घेतला, पुन्हा बसली. मग परत. पोरगी कुठं आहे हे तिनं एकदाही विचारलं नाही.