कौसाबाईंचा रुपया

"थांबलास का?"

"मी कुठं थांबलो? तुमचंच मशीन थांबायलंय, साहेब."

मशीन बरोबर चालू होतं. टेप फिरत होती. मिलिंदच गप्प झाला होता. गिटार हळू छेडत समोर बघत बसला होता. ड्रमर बिचारा एकटाच बडवत पुढं गेला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीत रेकॉर्डिस्ट होतो. मिलिंद सेलूच्या शाळेत मास्तर. गाणी स्वतः लिहायचा, चाली स्वतः लावायचा आणि गायचा गिटारवर. मराठीत असलं तेव्हा कोण करत होतं! त्याला सुट्टी मिळेना, म्हणून मीच मशीन आणि ड्रमर घेऊन सेलूला गेलो. स्टुडिओ म्हणजे कापसाच्या जिनिंगचं गोदाम. चहूबाजूंनी रुईच्या गाठी रचल्या, आवाज घुमायचा बंद. खोटं कशाला बोलू, मुंबईत मला इतकी शांत खोली कधी मिळाली नाही.

बाकीची गाणी झाली, शेवटचं अडलं. नेमकं तेच सगळ्यात चांगलं. मुंबईला कंपनीच्या साहेबांना ट्रंककॉल लावला.

"तो मधेच थांबतो, साहेब."

"का?"

"त्यालाही माहीत नाही."

"मग तुम्हाला कशाला पाठवलंय? आज झालं नाही तर रेकॉर्ड रद्द!"

पुन्हा टेक घेतला. टेक म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात गाणं. दुसरं कडवं संपलं, की स्वारी गप्प. टेप ऐकवली तेव्हा पोराचा चेहराच उतरला. "आवो, मी खरंच थांबायलोय की! कामून, काय कळंना." मी माइक बदलला, वायरी तपासल्या, ड्रमरवर उगाच डाफरलो. डोकंच चालेना.

दुपारी मिलिंदची आई कौसाबाई डबा घेऊन आल्या. त्याच जिनिंगात कामाला होत्या. एका गाठीवर बसल्या. म्हटलं, बसू देत. टेक सुरू झाला. दुसरं कडवं संपलं आणि बाई उठल्या. कनवटीची रुपयाची नोट काढून लेकापुढं धरली. मी त्यांना थांबवणार, तोवर मिलिंद माइकमध्ये बोलून गेला, "माझी माय कौसाबाई, यांच्याकडून एक रुपया. जयभीम!" आणि तालात तिसरं कडवं उचललं. गाणं शेवटपर्यंत सुसाट.

"बाई, हे काय केलंत?"

"आता गं बया! बापासंग लहानपणापासून भीमजयंतीच्या स्टेजवर गायलाय तो. कडवं पटलं की मान्सं रुपया देतेत. नाव पुकारल्याबिगर म्होरं जाता येतंय व्हय?"

मिलिंद तोंडावर हात ठेवून हसत होता. डोळे मात्र भरले होते.

मुंबईत साहेब कडाडले, "ही कौसाबाई कोण? कापा तिचा रुपया!" ब्लेडनं तेवढी टेप कापली, टोकं जोडली. गाणं लंगडायला लागलं. साहेबांनी दोनदा ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "लावा परत बाईंना." रेकॉर्ड रुपयासकट निघाली.

त्यानंतर नवा गायक आला, की माइक लावायच्या आधी मी एकच विचारायचो, "तुझ्या गाण्याला समोर कोण बसतं? जा, त्याला घेऊन ये."