गाडीत आपलं बोलायचं नाही

कुत्र्याला गाडीत शांत कसं ठेवायचं, हे मला आता बैजवार माहीत आहे. आणि आता कुत्रा नाही. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

कुंभकोणमच्या घरात आम्ही दोघंच राहायचो. मी गणिताची निवृत्त मास्तरीण, आणि तो रस्त्यावरून आपणहून आलेला, तांबडा, कान फाटलेला, बारा वर्षांचा. यंदा त्याच्या पोटात गाठ निघाली. तंजावरचे डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला सलाईनमधून औषध द्यायचं, लवकर सुरू केलं तर आशा आहे. पण तो टेबलावर आला तोच थरथरत, तोंडाला फेस. "अम्मा, असा आणलात तर मी सुई लावणार नाही. हृदय बंद पडेल. शांत करून आणा."

शांत करून आणा! जसं काही दूध गाळून आणायचं होतं.

मुलगी बंगळूरहून फोनवर शिकवू लागली. उपाशी ने, काचा थोड्या उघड्या ठेव, त्याचं अंथरूण सीटवर घाल, रोज उभ्या गाडीत बसवून सवय कर. मी सगळं केलं. गल्लीतल्या गाडीवाल्याकडून किल्ली मागून घ्यायची आणि दारातल्या गाडीत त्याला घेऊन बसायची. तिथं तो जावयासारखा ऐसपैस झोपायचा. पण तंजावरला निघायच्या दिवशी गाडीवाला स्टिअरिंगवर बसला रे बसला की याचं रडणं सुरू. दारासुरम येईतो ओकारी, पुढं सीट ओरबाडणं. मी त्याला कुरवाळत होते, समजावत होते, नाकी नऊ आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यातही औषधावाचून परत आलो. घरी आल्यावर तो माझ्याकडं पाठ करून बसायचा. मला राग यायचा त्याचा. आता त्या रागाची लाज वाटते.

चौथ्या खेपेला सुंदरपेरुमाळ कोयिलजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडीवाला खाली उतरून चहाच्या टपरीकडं गेला. कुत्रा दारावर धडका देत होता. माझा तोल गेला आणि मी ओरडले, "उगा रहा रे मेल्या! जीव घेतोस कां माझा?"

तो गप्प झाला. वळून माझ्याकडं बघितलं आणि डोकं माझ्या मांडीवर टाकलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरची रीत अशी, की आपलं मराठी उंबऱ्याच्या आत. तिऱ्हाइतासमोर बोलायचं नाही, त्याला वाटेल आपलीच निंदा चालली आहे. आईनं चिमटे काढून शिकवलेलं. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, आपोआप. म्हणून गाडीवाल्यासमोर मी कुत्र्यालासुद्धा तमिळमध्ये समजावत होते! त्याच्याशी जन्मात कधी तमिळ बोलले नव्हते. हे गेल्यापासून 'जेवलास कां', 'इकडें ये' म्हणायला घरात तोच एक उरला होता, मुलगीही फोनवर तमिळच बोलते. त्याला वाटलं असेल, ही कोण परकी बाई मला घेऊन चालली.

गाडीवाला परत आला तरी मी थांबले नाही. लाज गुंडाळून ठेवली आणि तंजावर येईतो बडबडत राहिले. भिऊं नको, मी आहें, तो बघ बगळा. कुत्रा झोपला, चक्क घोरला. गाडीवाला आरशातून बघत म्हणाला, "अम्मा, इतकी वर्षं गल्लीत राहतो, तुमचं बोलणं कधी ऐकलं नाही. कानाला बरं वाटतं." आणि मी याच्या भिडेपायी तीन आठवडे घालवले होते!

डॉक्टरांनी शांत कुत्रा नीट तपासला. मग चष्मा काढला. गाठ फुटली होती, आत रक्त साठत होतं. "आता औषधाचा उपयोग नाही, अम्मा. तीन आठवड्यांपूर्वी झालं असतं तर... त्याचे हाल करू नका, कायमचं झोपवू या."

मी होकार दिला. काय करणार होते?

त्याला टेबलावर आडवं केलं. पाय धरायला कंपाउंडर, सुई हातात घेतलेले डॉक्टर. "त्याच्याशी बोला," डॉक्टर म्हणाले, "तुमचा आवाज ऐकू दे." मी त्यांना तमिळमध्ये हो म्हटलं, वाकले, आणि त्याच तोंडानं त्याला म्हणाले, "ओण्णुमिल्लडा, ओण्णुमिल्लडा." काही नाही रे, काही नाही.

त्याचे कान ताठ झाले. मान उचलून तो मला शोधू लागला. मी समोरच होते, तरी शोधत होता. माझ्या ध्यानात आलं, मी "उगा रहा रे" म्हणायला तोंड उघडलं, तोवर डॉक्टरांनी सुई रिकामी करून काढूनही घेतली होती.