त्या मुलीला आवाज कोणी दिला

मालिका काढणाऱ्या दिग्दर्शकानं माझ्या बहिणीला फसवलं. मला फसवलं असतं तर मी हा कागद काळा केला नसता. मी बैलबाजारात वाढलेला माणूस आहे. मला फसवायला पुष्कळ जण आले आणि पुढे त्यांचं काय झालं ते त्यांनाच विचारा. पण यानं तिला फसवलं, आणि तेही माझा हात वापरून. ते मला पचत नाही.

बहीण माझ्याहून मोठी. तिला ऐकू सगळं येतं, पण जन्मापासून शब्द निघत नाही. चौथीनंतर मास्तर वडिलांना म्हणाले, हिला पुढं शिकवून काय करता? वडिलांनी तिला घरी बसवलं. वाचायचं तिनं सोडलं नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती सरळ करून वाचायची.

मी तेव्हा दुसऱ्यांचे बैल हाकत बाजारोबाजार फिरत होतो. संग्रामपूरच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक फाटकं पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर दुपट्ट्याखाली गेलेले दोन हात होते. बैलाचा भाव आम्ही असाच करतो. हातावर दुपट्टा टाकायचा, आत एकमेकांची बोटं धरायची, बोटांवरूनच मागायचं आणि द्यायचं. भोवती शंभर माणसं असली तरी आकडा दोघांनाच कळतो. सौदा पटला की दुपट्टा काढायचा. त्यानंतर कोणी मागं फिरत नाही.

"हे आपल्या धंद्याचं पुस्तक हाय का?" मी विचारलं.

"नाही बे, जादूचं हाय. घेऊन जा, पोरंसोरं वाचतीन," विकणारा म्हणाला.

पाच भागांतला तो पहिला भाग होता. डोंगराच्या पोटात एक बाजार भरतो. तिथं माणसांच्या सावल्या विकल्या जातात, झोपा विकल्या जातात. तिथं तोंडानं बोललेल्या शब्दाचा धूर होतो, म्हणून सगळे सौदे दुपट्ट्याखाली. एका गावाच्या सावल्या कोणी लबाडीनं विकून टाकतो. गावातले मोठमोठे बोलणारे त्या सोडवायला जातात आणि खोकत परत येतात. शेवटी जाते ती एक मुकी मुलगी, बैलांच्या व्यापाऱ्याची. पाचही भागांत ती एक शब्द बोलत नाही. तिला बोलता यावं असं पुस्तकात कोणाला वाटतही नाही, तिलाही नाही.

ताईनं ते वाचलं, मिटलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. मग माझा हात ओढून त्यावर पदर टाकला आणि बोटं दाबली. त्या दिवशी मी विकलेल्या जोडीचा भाव ती विचारत होती. मी तिला बोटं कधीच शिकवली नव्हती. पुढचे चार भाग मी कुठून कुठून शोधून आणले ते सांगत बसत नाही. गावातली पोरं संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊ लागली. ताई त्यांना हातांनी गोष्ट सांगायची, पोरं ती मोठ्यानं ओळखायची. ज्या बाईला गाव खुणेनंच हाक मारायचं, तिला पोरं डोंगरबाजारवाली म्हणू लागली. तिच्या आयुष्यात तिला मिळालेलं हे एकच नाव, आणि ते त्या पुस्तकानं दिलं.

लेखिका वारल्या. मग एक दिवस बातमी आली की या पुस्तकांवर मालिका निघते आहे. बुलढाण्याला कोर्टात वकिली करणारी एक पोरगी या पुस्तकांची वेडी. तिनं वाचकांचा गट जमवला, मीही त्यात शिरलो. मोबाइलवर रोज भांडणं. डोंगर कसा दिसायला हवा, धुराचा रंग कोणता, सगळ्यांना सगळं ठाऊक. आम्ही इतका गलका केला की दिग्दर्शक स्वतः बुलढाण्याला आला, सोबत कॅमेरे घेऊन. "वाचकांचं ऐकायला आलोय," म्हणाला.

बैठकीत आमच्या तीन मागण्या होत्या. मुलगी मुकी राहावी. माणसांनी वऱ्हाडीत बोलावं. आणि शेवट बदलू नये. दिग्दर्शक मान डोलवत होता. मान डोलवणारं गिऱ्हाईक मला ओळखू येतं. ते काहीच घेत नाही. मी उठून त्याच्यासमोर बसलो आणि खांद्यावरचा दुपट्टा काढला.

"साहेब, पुस्तक वाचलं ना तुमी? मंग हात द्या."

तो हसला. त्यानं हात दिला, मी वर दुपट्टा टाकला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, पहिलं बोट मुलीचं, दुसरं भाषेचं, तिसरं शेवटाचं. जे कबूल असेल ते धरा. कॅमेरे जवळ आले. मी तिन्ही पुढं केली. त्यानं एकही धरलं नाही. मी तिसरं मागं घेतलं. मग दुसरं. तीन मागण्या ठेवायच्या त्या एक मिळवण्यासाठीच असतात, हे मला माझ्या धंद्यानं शिकवलंय. उरलं पहिलं. ते त्यानं घट्ट धरलं आणि दाबलं. मी दुपट्टा काढला.

बाहेर आल्यावर कोणतं बोट पटलं ते सांगितलं, तशी वकील पोरगी माझ्यावर तापली. "काका, भाषा काऊन सोडली? तुमाले कोणी सांगतलं होतं?"

"मुलगी राह्यली ना मुकी? बाकी जाऊ दे."

"मग तेवढं तरी लिहून घेऊ. मी आत्ता कागद करते."

"दुपट्ट्याखालच्या सौद्याचा कागद मागतात का?" मी तिच्यावर खेकसलो. "माह्या हातात त्याचा हात होता."

आजही मी हेच म्हणीन. हात दिला तो दिला.

पहिली जाहिरात आली तेव्हा त्यात माझा दुपट्टा होता आणि खाली लिहिलं होतं, वाचकांच्या संमतीनं. गावात लोकांनी माझी पाठ थोपटली. ताईनं ती जाहिरात किती वेळा पाहिली असेल! मालिका सुरू झाली त्या दिवशी तिनं स्वतः शेजारणींना आणि पोरांना बोलावलं, सतरंजी अंथरली. मालिकेच्या पुढच्या भागांनाही सगळे आले.

तिसऱ्या भागात एक साधू त्या मुलीच्या गळ्याला हात लावतो आणि तिला आवाज येतो. ती गाते. पुण्याच्या शुद्ध बोलीत गाते. गावकरी रडतात, फुलं उडतात. तिथं शब्दाचा धूर होतो हे कोणाच्या लक्षातही नाही. आमच्या सतरंजीवर बसलेली शेजारीण भल्या मनानं म्हणाली, "पाहा वं ताई, तिले आला आवाज." लगेच माझ्याकडं वळली, "तुमी बी तुमच्या बहिणीले मोठ्या डॉक्टरले दाखवा ना, भाऊ."

एका पोरानं ताईला खुणेनं विचारलं, तुला कधी येणार?

ताई हसली. तसं हसणं मी बाजारात पाहिलंय, जोडी विकून रिकामा कासरा घेऊन निघालेल्या माणसाच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी पोरं ओट्यावर आली, पण ती बाहेर आली नाही. नंतर पोरंही यायची थांबली. ताई अजून माझ्याशी बोटांनी बोलते, पण कामापुरतं. पाचही पुस्तकं तिनं धान्याच्या कोठीमागं ठेवून दिली आहेत.

मी दिग्दर्शकाला फोन केले. कोणीतरी मुलगा उचलायचा आणि म्हणायचा, कलेच्या दृष्टीनं तो निर्णय झाला. गटातले लोक मला म्हणतात, तुम्हीच तर संमती दिली, जाहिरातीत दिसता. मी वकील पोरीकडं गेलो, म्हटलं दावा ठोक.

ती म्हणाली, "काका, दुपट्ट्याखाली काय झालं याचा साक्षीदार कोण?"

साक्षीदार नसतो. नसतो म्हणूनच तर माणूस आपला शब्द पाळतो. हे मी कोर्टाला कसं सांगू?

पुस्तक लिहिणारी बाई गेली, विकणाऱ्यांनी विकलं, पाहणाऱ्यांनी पाहिलं. आम्ही मालक नव्हतो, हे मला कळतं. मग आमचं ऐकायला आलो असं सांगायची काय गरज होती? न विचारता केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

मला भरपाई नको. माफीची चिठ्ठीही नको. दिग्दर्शकसाहेब, तुम्ही आमच्या गावी या, माझ्या बहिणीसमोर बसा आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगा की त्या मुलीत काय कमी होतं, म्हणून तुम्ही तिला आवाज दिला. उत्तर मला देऊ नका. तिला द्या.