दह्याचा केक

भोकरदनच्या बाजारात मिरचीचा भाव माझ्या शब्दाशिवाय ठरत नसे. हे मी स्वतःच्या जोरावर मिळवलं. वाटणीत थोरल्या भावाने काळी जमीन स्वतःकडे ठेवली आणि खडकाळ पट्टी माझ्या पदरात टाकली, ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणून माय केदारखेड्याचं दादाचं घर सोडून कायमची माझ्याकडे राहायला येणार म्हटल्यावर मला आपलीच जीत झाली असं वाटलं.

मायचे दात गेलेले, भाकरी चावत नसे. तिच्यासाठी माझ्या बायकोने शेजारच्या मुसलमान खालांकडून केक शिकून घेतला. खाला त्यात अंडी घालत. आमच्याकडे अंडं घरात येणं शक्यच नव्हतं; मायच्या गळ्यात तुळशीची माळ होती. बायकोने अंड्याऐवजी आंबट दही आणि खायचा सोडा घालून बघितला. दोनदा दगड झाला. तिसऱ्यांदा पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे रचून भाजला, तेव्हा चांगला फुगला.

दादा मायला गाडीतून घेऊन आला. मायने तुकडा जिभेने टाळूला दाबून बघितला.

"लई मऊ हाय गं. अजून दे."

दादाने आपला तुकडा मोडून आतली जाळी निरखली. "अंड्याबिगर एवढं फुगत न्हाई, बापू."

"तुला काय ठाऊक?"

"जालन्याच्या टेसनावर बघितलाय मी."

"बघितलाय का खाल्लाय?"

मायसुद्धा हसली. मी तिथेच थांबायला हवं होतं.

बायको आतून दह्याचं भांडं घेऊन आली. "आत्याबाई, दही हाय ह्यात. दुसरं बिलकुल काही न्हाई."

"दोन अंडी तरी असतीलच," दादा म्हणाला.

माझ्या मालाला कुणी नावं ठेवली की मी उलट भाव चढवायचो. ती बाजारातली खोड. डोकं फिरलं आणि तोंडातून गेलं, "दोन कशाला? चार घातलीत. झालं समाधान?"

मायने हातातला तुकडा खाली ठेवला. बाहेर जाऊन पुन्हा पुन्हा चुळा भरल्या आणि त्याच गाडीने परत गेली.

आठ दिवसांनी मी केदारखेड्याला जाऊन केकात अंडं नव्हतंच अशी शपथ घेतली. माय शांतपणे म्हणाली, "तवा खोटं बोलून राह्यला होतास का आता, मला कसं कळावं रे?"

त्यानंतर तिने माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. तिचा शेवट जवळ आला तेव्हा आम्ही दोघं गेलो. बायको पेला घेऊन पुढे झाली. मायने डोळे उघडून तिला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग थोरल्या वहिनीने पाणी पाजलं.

परतताना बायको गाडीत माझ्या मागे बसली होती.

"तुम्ही नुसतं दही हाय म्हणाले असते तर," ती म्हणाली.

मी बैल हाकत राहिलो.